अडला हरी आणि रुग्णवाहिका

रुग्णवाहिकेस दूरध्वनी करणाऱ्या माणसास गिऱ्हाईक म्हणणे हा शब्दाचा अपमान होय. गिऱ्हाईक चार दुकाने फिरते, घासाघीस करते, न पटल्यास रिकाम्या हाताने परत जाते. ज्याच्या घरी छातीत कळ येऊन कोणी कोसळले आहे, त्यास यांपैकी काहीच करता येत नाही. वाहन दारात येते, रुग्णास आत घेतले जाते आणि भाड्याचा आकडा कळतो तो रुग्णालयाच्या पायरीशी. त्या आकड्यात रिकाम्या परतीचे अंतर असते, थांबण्याचा आकार असतो, प्राणवायूचे नळकांडे उघडले नसले तरी त्याचे पैसे असतात, आणि रात्र असल्यास रात्रीचाही भाव असतो. पावती मागावी तर कागदाच्या चिटोऱ्यावर एक संख्या लिहून मिळते. अडला हरी गाढवाचे पाय धरतो ही म्हण आपण मुलांना शाळेत शिकवतो. पण हरीच्या अडण्याचा कोणी नित्याचा धंदा करावा, हे त्या म्हणीसही अभिप्रेत नसावे.

'भाडे मान्य होते म्हणूनच तुम्ही बसलात ना?' असा युक्तिवाद अशा वेळी केला जातो. तो ऐकण्यास सरळ आहे, परंतु न्यायास धरून नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याने संमती मुक्त असावी असे सांगितले आहे. आणि त्याच कायद्याच्या 16 व्या कलमात, मानसिक अथवा शारीरिक क्लेशाने ज्याची विचारशक्ती तात्पुरतीही क्षीण झाली आहे, अशा माणसाचा गैरफायदा घेऊन मिळवलेल्या संमतीकडे संशयाने पाहिले आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या कायदेकारांस जे उमगले होते, ते आजच्या परिवहन अधिकाऱ्यांस उमगू नये, याचे आम्हांस नवल वाटते.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गर्भवती स्त्रिया व नवजात अर्भके यांच्या मोफत वाहतुकीची तरतूद केंद्र सरकारने 2011 साली केली. महाराष्ट्रात 2014 साली '108' क्रमांकाची विनामूल्य सेवा सुरू झाली आणि तिने असंख्य प्राण वाचवले. परंतु तिचा आरंभीचा ताफा 937 वाहनांचा होता. त्यांतील 233 वाहनेच प्रगत जीवरक्षक साधनांनी युक्त होती. 2011 च्या जनगणनेतील सव्वाअकरा कोटी लोकसंख्येशी ताळा मांडला, तर सुमारे 1 लाख 20 हजार माणसांमागे एक वाहन पडते. शिवाय ही सेवा मुख्यतः आणीबाणीच्या प्रसंगासाठी आहे. बरा झालेला पण अंथरुणास खिळलेला वृद्ध घरी न्यायचा असेल, किंवा '108' चे वाहन दुसऱ्या कामगिरीवर गेले असेल, तर खाजगी वाहनाखेरीज गती नाही. लूट होते ती नेमकी याच फटीत.

2020 च्या महामारीत ही फट खिंडाराएवढी झाली. त्या वर्षी जूनअखेर राज्य शासनाने खाजगी रुग्णवाहिका ताब्यात घेण्याचा व त्यांचे दर जिल्हास्तरावर ठरवण्याचा निर्णय घेतला. 11 सप्टेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही राज्यांनी रुग्णवाहिकांचे वाजवी दर निश्चित करावेत असे बजावले. दर ठरवण्याचा अधिकार शासनास आहे, हे त्यातून निर्विवाद सिद्ध झाले. परंतु दरपत्रक काढणे निराळे आणि ते पाळायला लावणे निराळे. परिवहन कार्यालयाच्या फलकावरील आकडे रात्री दोन वाजता रुग्णाच्या मुलास कोण वाचून दाखवणार?

येथे एका गोष्टीकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधू इच्छितो. रुग्णवाहिकेस समाजाने जे दिले आहे ते अन्य कोणत्याही भाडोत्री वाहनास दिलेले नाही. तिला राष्ट्रीय महामार्गावर पथकर नाही. रुग्णाच्या वाहतुकीवर वस्तू व सेवा कर नाही. तिची वाट अडवणाऱ्यास 2019 च्या दुरुस्तीनंतर 10 हजार रुपये दंडाची तरतूद आहे. भोंगा वाजताच मंत्र्याच्या मोटारीनेही बाजूस व्हावे, अशी आपली रीत आहे. हा मान त्या वाहनाच्या मालकास नसून आतील रुग्णास दिलेला असतो. रुग्णाच्या नावे सवलती घ्यायच्या आणि त्याच रुग्णास नाडायचे, हा व्यवहार कोणत्या नीतीत बसतो?

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. इंधन महाग आहे. वाहन अहोरात्र सज्ज ठेवावे लागते. शिकलेला मदतनीस फुकट मिळत नाही. परतीचा प्रवास बहुधा रिकामाच होतो. सचोटीने हे काम करणारे चालक आहेत, आणि गरिबाकडून पैसे न घेणारेही आहेत. त्यांस वाजवी मोबदला मिळालाच पाहिजे. दर इतके तुटपुंजे ठेवू नयेत की नियम मोडल्यावाचून धंदाच चालू नये. आमचा आक्षेप भाड्यास नाही, अंधारात आकारलेल्या भाड्यास आहे.

रुग्णालयांच्या दारातील मक्तेदारी हा याहून भयंकर प्रकार आहे. 2022 च्या एप्रिलमध्ये तिरुपतीच्या एका सरकारी रुग्णालयात तेथील चालकांनी बाहेरची रुग्णवाहिका आत येऊ दिली नाही, आणि एका पित्यास आपल्या मुलाचे शव सुमारे 90 किलोमीटर दुचाकीवरून न्यावे लागले. ते आंध्रात घडले म्हणून आपण निश्चिंत राहण्याचे कारण नाही. जेथे फाटकाशी मोजकीच वाहने उभी असतात आणि 'ह्यांनाच बोलवा' असा सल्ला आतून मिळतो, तेथे तिरुपती दूर नाही.

उपाय अवघड नाहीत. प्रत्येक रुग्णवाहिकेच्या बाहेरील बाजूस, ठळक मराठी अक्षरांत, मंजूर दर रंगवलेले असावेत. निघण्यापूर्वी अंदाजे भाडे दूरध्वनीवरच सांगावे. वाहन क्रमांक, वेळ, अंतर व प्रत्येक आकार निरनिराळा दाखवणारी छापील पावती सक्तीची करावी. पावती नसेल तर पैसे देणे बंधनकारक नसावे. कोणत्याही रुग्णालयाने बाहेरचे वाहन अडवल्यास त्याची नोंदणी धोक्यात यावी. आणि दुसऱ्यांदा जादा आकारणी करणाऱ्याचा परवाना स्थगित व्हावा. ग्राहक आयोगाचे दार आजही उघडे आहे, तेथे लहान दाव्यांस शुल्कही नाही. परंतु नुकताच बाप गमावलेल्या माणसाने चार हजार रुपयांसाठी तारखा मोजत बसावे, ही अपेक्षाच निष्ठुर आहे. तक्रारीचे ओझे पीडितावर न टाकता तपासणीचे ओझे अधिकाऱ्यांनी उचलावे.

नागरिकांनी या शहरातील रस्त्यांवर भोंगा ऐकताच वाट द्यावयाची, हे त्यांचे कर्तव्य ते बहुतांशी पाळतात. त्या वाटेने जाणाऱ्यास शेवटी नाडले जाणार नाही, एवढी हमी देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ते त्याने विनाविलंब पार पाडावे.