मला मांजर व्हायचंय



या अंकाचा विषय मी बैठकीत मांडला तेव्हा मिनिटभर कोणी काही बोललंच नाही. मग एकीने विचारलं, "सल्लाकेंद्रात पोटगीच्या केसेस वर्षानुवर्षं लोंबकळताहेत, आणि आपण अंक काढायचा मुलांच्या खेळांवर?" तिचा राग खोटा नव्हता. आदल्याच दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात दिवसभर बसून ती फक्त पुढची तारीख घेऊन परतली होती. मी म्हटलं, बरं, विषय राहू दे बाजूला. आधी रविवारी आमच्याकडे काय झालं ते तरी ऐका.

रविवारी घरात पाच मुलं होती. माझी नात, भाचीची दोघं आणि शेजारची दोघं. सावंतवाडीची लाकडी भातुकली मांडली होती. सहा वर्षांची नात आई झाली आणि शेजारच्या सात वर्षांच्या मुलाला बाबा केलं. "तू आता ऑफिसला जा," तिने हुकूम सोडला. तो निमूट गॅलरीत जाऊन उभा राहिला. आत चूल पेटली, चुरमुऱ्यांचा भात झाला, बाळाला ताप आला, डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, पाहुणे आले. तो गॅलरीतच. थोड्या वेळाने त्याने डोकावून विचारलं, "येऊ?" "अजून संध्याकाळ नाही झाली!" शेवटी एकदाची संध्याकाळ झाली. तो आत आला. "आता पेपर वाच आणि चहा माग." त्याने वाचला, मागितला. "पुढे काय करू?" नातीने जरा विचार केला. "पुढे झोप."

तो चटईवर पडला आणि दोन मिनिटांत उठून बसला. "मला बाबा नाही व्हायचं. मला मांजर व्हायचंय."

"का रे?" मी विचारलं.

"मांजराला सारखं आत यायला मिळतं. दूध सांडता येतं. आणि सगळे अंगावरून हात फिरवतात."

बैठकीत हसून हसून पुरेवाट झाली. पण मला त्या दिवसापासून ते मांजर काही सोडत नाही. भातुकलीबद्दल आपण आजवर एकच बोलत आलो, की मुलींना लहानपणापासून चुलीची सवय लावायची ही युक्ती आहे. ते खोटं नाही. माझ्या मुलीला मी हट्टाने भातुकली आणली नव्हती, मेकॅनो आणला होता. तिने त्याच्या पट्ट्या जोडून शेगडी केली आणि वर चाक ठेवून पोळी भाजली. मी काही दिवस तोंड पाडून होते. आमच्या गटात ही गोष्ट माझी फजिती म्हणून अजून सांगितली जाते, आणि मी ती सांगू देते. पण त्या सगळ्या वादात, भातुकलीत बाबाला करायला काहीच नसतं हे आम्हां शहाण्या बायकांच्या लक्षात आलं नव्हतं. सात वर्षांच्या मुलाला ते एका रविवारी कळलं, आणि त्याने राजीनामा दिला.

मुलं लहान होती तेव्हा आम्ही डोंबिवलीला राहत होतो. तेव्हा घरात 'लोकल-लोकल' चालायचं. खुर्च्या, पाट आणि एक उलटी बादली ओळीत मांडली की गाडी तयार. मी साडेसातला खऱ्या गाडीतून धक्के खात घरी यायची, की चप्पल काढायच्या आत या गाडीत. "कुठे उतरणार?" मुलगी ऐटीत विचारायची. बायका जागेसाठी विचारतात अगदी तस्संच. चौथ्या सीटवरून भांडणं व्हायची, मटाराच्या शेंगा सोलल्या जायच्या, कोणी क्लिपा आणि टिकल्या विकायला यायचं. एकदा नवराही हौसेने चढायला लागला, तर मुलाने त्याला अडवलं. "हा लेडीज डबा आहे. जेन्ट्स डबा तिकडे, स्वयंपाकघरात." मुलगा स्वतः आमच्यात कसा बसला होता, असं विचारल्यावर उत्तर तयार होतं, की तो अजून लहान आहे, चालतं. नवरा बिचारा गेला तिकडे. गॅसवर दूध होतं. "गाडी कल्याणला पोचेपर्यंत उतरायचं नाही" अशी ताकीद होती, तेव्हा तो दुधापाशीच उभा राहिला. तरी अर्धं ओट्यावर गेलंच. पण त्यानंतर बरेच दिवस संध्याकाळच्या दुधाकडे बघणं हे जेन्ट्स डब्याचं काम ठरून गेलं. आम्ही नवरा-बायकोंनी श्रमविभागणीवर घातलेल्या वादांनी जे झालं नव्हतं, ते अशा आडवाटेने झालं. कायमचं झालं असं मात्र नाही. मुलं मोठी झाली, गाडी बंद पडली, दूध पुन्हा माझ्याकडे आलं.

त्या संध्याकाळी विषयपत्रिका गुंडाळूनच ठेवावी लागली. एकीच्या मुलीचा लाडका खेळ म्हणजे 'बैठक-बैठक'. बाहुल्या गोलात बसवायच्या, अस्वलाने इतिवृत्त लिहायचं, आणि दर थोड्या वेळाने म्हणायचं, "हा मुद्दा पुढच्या वेळी घेऊ." इथवर आम्ही खदखदून हसलो. मग तिने शेवट सांगितला. बैठक संपताना मुलगी बाहुल्यांना म्हणते, "आता घरी जा बायांनो, तुमची मुलं झोपली असतील." यावर कोणी काही बोललं नाही. चहा घेऊ या, असं कोणीतरी म्हणालं.

दुसरीने किल्ल्याची गोष्ट सांगितली. दिवाळीचा किल्ला म्हणजे मुलांचा प्रांत. माती आणायची, दगड रचायचे, अळीव पेरायचे, ही सगळी मुलांची कामं, आणि मुली दारात रांगोळी काढणार. तिच्या वाडीत मुलींनी ठरवून एका वर्षी किल्ला ताब्यात घेतला. रायगड करायचा होता. मावळे आणि तोफा मांडायच्या आधी त्यांनी वर पाण्याची टाकी केली, कारण "रोज खालून पाणी कोण आणणार?" मग हिरकणीचा बुरूज. आजीने गोष्ट सांगितली. गवळण गडावर दूध घालायला आली, सांज झाली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली. मुली लक्ष देऊन ऐकत होत्या. आठ वर्षांची एक म्हणाली, "पण बाळ दिवसभर कोणाकडे होतं?" आजीला सांगता येईना. तेव्हा मुलींनी किल्ल्याच्या पायथ्याला काडेपेट्यांचं एक घर केलं आणि वर पाटी लावली, 'हिरकणी पाळणाघर'.

एवढ्या वर्षांत ही गोष्ट मी कितीदा ऐकली, भाषणातसुद्धा वापरली. आईच्या मायेचं कौतुक करून टाळ्या घेतल्या. बाळ कोणाकडे होतं, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. पाळणाघराची मागणी मोर्च्यात करणाऱ्या माझ्यासारखीला!

ती मागणी आज कुठे आहे? २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची झाली. पण धुणीभांडी करणारी, घरात बसून माळा ओवणारी, दुसऱ्याच्या शेतात खुरपणारी बाई कुठल्या पन्नासांत मोजायची? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार आधी ओळखलं होतं. बोर्डीला पाड्यावरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, शंख-शिंपले, बिया, खडे हेच साहित्य केलं. पुढे कोसबाडला मुली शाळेत का येत नाहीत हे पाहताना, त्यांच्या कडेवरचं धाकटं भावंडं दिसलं. तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडी उभी राहिली. मोठ्या बहिणीला शिकायला मिळायचं तर तिच्या कडेवरच्याला खेळायला जागा हवी, इतकं ते सरळ होतं.

खेळ हा मुलांचा हक्क आहे असं १९८९च्या बालहक्क संहितेचं ३१वं कलम सांगतं. भारताने ती १९९२ मध्ये स्वीकारली. आणि मुलांशी खेळणं हे काम आहे, हे वेळेच्या वापराची पाहणी करणाऱ्यांनीही मानलंय. त्यांच्या वर्गीकरणात त्याला वेगळा क्रमांक आहे. २०२४च्या सरकारी पाहणीप्रमाणे १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरच्यांच्या संगोपनाचं, शुश्रूषेचं काम करतात आणि ते करणाऱ्या बाईचे दिवसाला सुमारे १४० मिनिटं त्यात जातात. पुरुषांपैकी २१.४ टक्के ते करतात आणि त्यांची ७४ मिनिटं जातात. आता त्या १४० मिनिटांत भरवणं, न्हाऊ घालणं, अभ्यास घेणं किती आणि नुसतं लोळून हसणं किती, हे प्रत्येकीने आपापलं आठवून बघावं. माझ्या घरी बाबा घोडा व्हायचे आणि घोड्याला दाणापाणी मी करायची. घोडा व्हायची हौस मलाही होती.

आता एक गोष्ट, जी सांगावी की नाही यावर बराच विचार केला. सल्लाकेंद्रात कोपऱ्यात एक खेळण्यांची पेटी असते. एक बाई तीनदा येऊन गेली होती. दर वेळी सांगायची, "मुलीला यातलं काही माहीत नाही, ती झोपलेली असते." चौथ्या खेपेला पाच वर्षांची मुलगी बरोबर होती. ती भातुकली मांडून छान खेळत होती. बाहेरच्या दाराची कडी वाजली की मात्र सगळी भांडी भराभर पदराखाली, म्हणजे फ्रॉकखाली, घ्यायची आणि गप्प बसायची. कोण आलं ते बघायची आणि पुन्हा मांडायची. असं दोन-तीनदा झालं. आई बोलता बोलता थांबली आणि तिकडे बघत राहिली. त्या दिवशी तिने पहिल्यांदा सगळं सांगितलं.

त्या मुलीला आम्ही काही विचारलं नाही. खेळातून मुलांची साक्ष काढायचा मोह आपल्याला होतो, तो टाळलाच पाहिजे. तिचा खेळ तिचाच राहू द्यायचा. आम्ही एवढंच केलं, की दाराच्या कडीला चिंधी गुंडाळली.

विषयाला विरोध करणारी ती मैत्रीण आता परत कोर्टात जाणार आहे. व्हरांड्यात आयांबरोबर ताटकळणाऱ्या मुलांसाठी या वेळी तिने कागदपत्रांबरोबर एक पिशवी घेतली आहे. त्यात सागरगोटे, रिकाम्या काडेपेट्या, रंगीत खडू आणि जुन्या साडीचा एक मोठा तुकडा आहे. त्या साडीचं घर होतं, नदी होते, नवरीही होते. पोलिसांनी हटकलं नाही तर खडूने ठिकरीचे घरही आखायचा तिचा बेत आहे. पिशवीत अजून जागा आहे. काय घालावं ते कळवा.