चार्ज कोणाला देणार?

गोव्यातल्या कुठल्याही गावात जा, तिथल्या सांस्कृतिक मंडळात किंवा उत्सव समितीत एक गृहस्थ हमखास भेटतो. पद चिटणिसाचे असो वा अध्यक्षाचे, चवथीची वर्गणी, जत्रेच्या नाटकाच्या तालमी, पडदे-लायटिंगचे भाडे, पंचायतीचा परवाना, प्रमुख पाहुण्यांची गाडी हे सारे तोच बघतो. इतकेच काय, मंडपातल्या खुर्च्यासुद्धा तोच मोजतो! कोणी मदतीला पुढे आले तर त्याचे उत्तर ठरलेले, "तूं राव, हांव करतां." गाव कौतुकाने म्हणते, "तो आहे म्हणून चाललंय." आणि पंधरा-वीस वर्षांनी हाच माणूस मीटिंगला येईनासा होतो. भांडण झालेले नसते, पैशांचा घोळही नसतो. तो नुसता विटलेला असतो. त्याच्या मागोमाग मंडळही थंडावते.

याला हल्ली 'बर्नआउट' म्हणतात. हा शब्द आपण बड्या कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी राखून ठेवला आहे, पण त्याचे मूळ कार्यकर्त्यांतच आहे. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर दिवसभराची प्रॅक्टिस आटोपून एका मोफत दवाखान्यात काम करीत. तिथे झपाटून सेवा देणारे स्वयंसेवक काही काळाने थकलेले, चिडचिडे आणि कडवट झालेले त्यांनी पाहिले. त्यातून १९७४ साली त्यांनी या विषयावर आपला गाजलेला निबंध लिहिला. जो जास्त निष्ठेने झोकून देतो तोच आधी जळतो, हे त्यांचे निरीक्षण. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने बर्नआउटची व्याख्या नोकरी-व्यवसायापुरती केली आणि तो आजार नव्हे असेही स्पष्ट केले. पण तिने सांगितलेली तीन लक्षणे आपल्या चिटणिसालाही तंतोतंत लागू पडतात : अंगातले त्राण जाणे, कामाविषयी तुटलेपणा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे.

अशा माणसाला आपण सल्ला देतो, "जरा विश्रांती घे." माझ्या मते हा सल्ला अपुरा आहे. आठ दिवस विश्रांती घेऊन तो परत त्याच खुर्च्या मोजायला येणार. बदलायला हवी ती त्याची सवय, आणि सवयीच्या मुळाशी असलेली समजूत. 'माझ्यासारखे दुसऱ्याला जमणार नाही' ही ती समजूत. पहिल्या वर्षी ती खरी असेलही. दहाव्या वर्षीही ती खरी असेल तर मात्र दोष त्याचाच, कारण त्याने दुसऱ्याला शिकूच दिलेले नाही. रंगभूषाकाराचा फोन नंबर, कोणत्या वाड्यावर वर्गणीसाठी कोणी गेले तर चालते, हिशेबाच्या पावत्या कुठे ठेवल्या आहेत, सगळे त्याच्या डोक्यात!

"पण पुढे येतोच कोण?" असे तो म्हणेल. तक्रार अगदीच खोटी नाही. तरुण मुले नोकरीसाठी वेर्ण्याला, पुण्याला नाहीतर आखातात. पण जी गावात आहेत, त्यांना आपण काम कोणते देतो? बाके उचलण्याचे! दहा वर्षे बाके उचलायला कोण राहील? नाटकाचा सगळा हिशेब एखाद्या मुलीकडे सोपवा. ती चुकली तर चूक तिलाच निस्तरू द्या. काम परत आपल्याकडे ओढलेत की ती पुन्हा येणार नाही.

आम्हा सरकारी कारकुनांवर लोक पुष्कळ टीका करतात, त्यातली काही योग्यच आहे. पण आमच्याकडची एक पद्धत मंडळांनी जरूर उचलावी. बदलीचा हुकूम आला की 'चार्ज' द्यावा लागतो. फायलींची यादी, कपाटाच्या किल्ल्या, अपुरी कामे, सगळे लिहून देणारा आणि घेणारा खाली सह्या करतात. माणूस जातो, टेबल चालू राहते. याचा कोणाला अपमान वाटत नाही. देवळांचेही तेच. पोर्तुगीज काळातल्या १९३३ च्या नियमावलीनुसार चालणाऱ्या आपल्या देवस्थानांत महाजनांची समिती तीन वर्षांसाठी निवडली जाते. मुदत ठरवणे आपल्याला नवे नाही.

मग मंडळांनीही ठरवावे : एका पदावर सलग तीन वर्षे, फार तर सहा. प्रत्येक जबाबदारीला एक जोडीदार. कार्यक्रम संपला की आठ दिवसांत नंबर, दर, हिशेब सगळे एका वहीत. आणि मोकळ्या झालेल्या चिटणिसाने त्या वर्षीचे नाटक घरच्या माणसांबरोबर समोर बसून पाहावे. त्याच्या बायकोने इतकी वर्षे चवथ एकटीने सांभाळली, तिचाही काही हक्क आहे!

गोव्यात मराठीची भजनी मंडळे, ग्रंथालये, स्पर्धेत उतरणारे नाट्यसंघ अशाच बिनपगारी माणसांच्या जोरावर उभे आहेत. ती जळून गेली तर पाठीमागे सरकारी अनुदान उरेल, ते घ्यायला मंडळ नसेल. पंचवीस वर्षे चिटणीस राहिलेल्याला आपण शाल-श्रीफळ देतो. ते अवश्य द्यावे. पण ज्याने तीन नवे चिटणीस तयार केले त्याचाही एकदा सत्कार व्हावा. येत्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर म्हणून एवढाच एक विषय घालून पाहा : चार्ज कोणाला देणार?