बदललेले जनुक आणि कर्करोगाचे भय

गर्भाशयाच्या आतील अस्तरासारखे ऊतक गर्भाशयाबाहेर, बहुधा अंडाशयावर किंवा ओटीपोटातील आवरणावर, रुजून वाढू लागले म्हणजे त्या विकारास एण्डोमेट्रिऑसिस म्हणतात. ऋतुकाळातील तीव्र वेदना हे त्याचे मुख्य लक्षण होय. अंडाशयाचे काही कर्करोग अशा ऊतकातून उद्भवतात, हे अमेरिकन वैद्य जॉन सॅम्पसन यांनी १९२५ साली मांडले. ते कसे घडते, हे मात्र दीर्घकाळ उलगडले नव्हते.

२०१० साली कॅनडातील संशोधकांना एक दुवा सापडला. ‘स्वच्छपेशी’ प्रकारच्या ११९ कर्कगाठींपैकी ५५ गाठींत एआरआयडी१ए हे जनुक बिघडलेले होते. पेशीकेंद्रकात घट्ट गुंडाळलेला डीएनए जरूर तेथे सैल करणारा एक प्रथिनसमूह असतो. त्याचा एक घटक या जनुकाच्या आज्ञेवरून बनतो. आज्ञा मध्येच तुटली की तो घटक बनत नाही व पेशीच्या वाढीवरील एक लगाम सुटतो. दोन रुग्णांचा पुरावा तर अधिकच बोलका होता. तोच बिघाड गाठीला लागून असलेल्या विकृत ऊतकात आढळला. दूरच्या ऊतकात तो नव्हता.

एवढ्यावरून ‘जनुक बदलले की कर्करोग ठरलेलाच’ असे मानणे घाईचे होय. २०१७ साली, खोलवर रुजणाऱ्या परंतु स्वतः क्वचितच कर्करोगात पालटणाऱ्या एण्डोमेट्रिऑसिसच्या २४ रुग्णांचे ऊतक तपासले गेले. त्यांपैकी १९ जणींत असे उपार्जित बदल सापडले, आणि काहींत तर कर्करोगाशी निगडित जनुकेच बदललेली होती. कर्करोग मात्र त्यांना नव्हता. पुढे २०१८ साली जपानी संशोधकांना गर्भाशयाच्या निरोगी अस्तरातही असे बदल दिसले. म्हणजे एका बदलाने रोग होत नाही. आणखी बदल, तसेच भोवतालचा दाह व रक्तस्राव, यांचीही त्याला साथ लागत असावी. शिवाय हे बदल त्या ऊतकापुरतेच असतात. आईकडून मुलीकडे ते जात नाहीत. भीतीने ग्रासलेल्या कुटुंबांना ही गोष्ट कोणी समजावून सांगत नाही, हे खेदाचे आहे.

आकडे सांगण्याच्या रीतीनेही भय वाढते. अमेरिकेतील युटा राज्याच्या नोंदींवरून २०२४ साली निघालेला निष्कर्ष असा की, या विकाराच्या स्त्रियांत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे चौपट असतो. ‘चौपट’ हा शब्द कानात घुमतो. परंतु त्याच नोंदींनुसार दर १०,००० स्त्रियांमागे वाढ होते ती सुमारे १० रुग्णांची.

सरसकट दोन्ही अंडाशय काढून टाकण्याचा सल्ला म्हणूनच समर्थनीय वाटत नाही. तरुण वयात तसे केल्यास ऋतुनिवृत्ती अकाली येते, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा संभव वाढतो. आणि वेदनेने वाकलेल्या मुलीला ‘हे सहन करायचेच असते’ असे ऐकवणाऱ्या घरांनी व दवाखान्यांनी, तिच्याकडे लक्ष देण्यासाठी कर्करोगाच्या निमित्ताची वाट का पाहावी?