खेळाच्या फोटोसाठी जुनी लेन्स घ्यावी, पण कोणती?

सिग्मा, टॅमरॉन, टोकिना या कंपन्यांच्या लेन्सना आपल्या बाजारात आजही सर्रास ‘डुप्लिकेट’ म्हटले जाते. हा शब्द चुकीचा आहे आणि तो आपल्या होतकरू छायाचित्रकारांना महागात पडतो. सिग्मा ही १९६१ साली स्थापन झालेली जपानी कंपनी असून तिचा कारखाना फुकुशिमा प्रांतातील आइझु येथे आहे. टॅमरॉन त्याहूनही जुनी, १९५० सालची. या कंपन्या कोणाची नक्कल करीत नाहीत. कॅनन किंवा निकॉनच्या कॅमेऱ्याला बसणारी आपली लेन्स त्या आपल्याच नावाने विकतात, म्हणून धंद्यात त्यांना ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. आपले अनेक तरुण लग्नाच्या कामावर स्टुडिओ चालवतात आणि सीझन संपला की कबड्डी, टेनिस बॉल क्रिकेट, शाळांच्या क्रीडास्पर्धा अशी कामे शोधतात. अशा तरुणाने मूळ कंपनीची नवी लेन्स घेण्यासाठी व्याजाचे हप्ते अंगावर घेऊ नयेत. त्याने जुनी थर्ड पार्टी लेन्स रोखीने घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

त्यासाठी काळही अनुकूल आहे. कॅननचा वन-डी एक्स मार्क थ्री आणि निकॉनचा डी सिक्स हे क्रीडा छायाचित्रकारांचे आरशाचे मोठे कॅमेरे २०२० साली आले, आणि त्यांच्यानंतर दोन्ही कंपन्यांनी सगळा भर मिररलेसवर दिला. मोठ्या शहरांतील छायाचित्रकार जुना संच विकून नवा घेत आहेत. त्यांनी सोडलेल्या चांगल्या लेन्स मुंबईत फोर्टातील बोरा बाजारपासून दिल्लीच्या चांदणी चौकापर्यंत फिरत आहेत.

आता कोणती घ्यावी? येथेच बहुतेकांचा पाय घसरतो. ग्राहक ‘लांब’ लेन्स मागतो, दुकानदार १५०–६०० मिलिमीटरची काढून देतो, आणि ती तोफ पाहून गिऱ्हाईक खूष होते. परंतु या लेन्सचे तोंड लांबच्या टोकाला एफ ६.३ पर्यंतच उघडते. ७०–२०० ची चांगली लेन्स एफ २.८ पर्यंत उघडते, म्हणजे सुमारे पाचपट प्रकाश आत घेते. आपल्याकडील कबड्डीचे सामने रात्री, हॅलोजन किंवा एलईडीच्या दिव्यांखाली होतात. समजा, खेळाडूची चढाई गोठवण्यासाठी सेकंदाचा पाचशेवा भाग हा वेग ठेवला आणि एफ २.८ वर आयएसओ ३२०० ने काम भागले, तर एफ ६.३ वर तेच आयएसओ १६००० च्या घरात जाते. जुन्या कॅमेऱ्यावर अशा फोटोत नुसती रेती दिसते. शिवाय पुरुषांचे कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद. रेषेजवळ बसलेल्या माणसाला तेथे ६०० मिलिमीटर हवेत कशाला? दिवसाच्या क्रिकेटचे मात्र वेगळे आहे. सीमारेषेवरून फलंदाज साठ-सत्तर मीटर दूर असतो. ज्याचे सगळे काम उन्हातल्या क्रिकेटचे आहे, त्याने १५०–६०० खुशाल घ्यावी. सिग्माची १२०–३०० एफ २.८ दोन्ही कामे करते, पण तिचे वजन सव्वातीन किलोच्या वर आणि किंमतही तशीच.

दुसरी चूक म्हणजे कंपन नियंत्रणासाठी (सिग्मा त्याला ओएस म्हणते, टॅमरॉन व्हीसी) जास्तीचे पैसे मोजणे. ही सोय छायाचित्रकाराचा हात स्थिर करते. पळणारा खेळाडू काही तिने थांबत नाही, त्याला वेगच लागतो. लग्नाच्या हॉलमध्ये तिचा उपयोग आहे हे खरे, पण खेळासाठी फोकसची मोटर जलद असणे कितीतरी महत्त्वाचे. टॅमरॉनची २००८ ची ७०–२०० (ए ००१) काचेला उत्तम, किमतीलाही हलकी, तरीही आम्ही ती खेळासाठी सुचवणार नाही, कारण तिची मोटर संथ आहे. त्यापेक्षा सिग्माची एचएसएम मोटरची, ओएस नसलेली जुनी ७०–२०० बरी. ती २०० वर पूर्ण उघडली की किंचित मऊ दिसते, पण वर्तमानपत्रात तीन कॉलमात छापलेल्या फोटोत ते कोणाला दिसणार? खिशात थोडे जास्त असतील तर टॅमरॉनची २०१२ ची व्हीसी यूएसडी (ए ००९) पाहावी. त्याहून ऐपत असेल तर २०१७ ची जी टू. आमच्या मते जी टू हीच या सर्वांत पैसे वसूल करून देणारी आहे.

लेन्स आपल्या कॅमेऱ्यावर खरोखर चालते का, हे नावावरून ठरवू नये. सिग्माच्या १९९० च्या दशकातील कॅननच्या अनेक लेन्स डिजिटल कॅमेऱ्यावर लावल्या आणि तोंड थोडे जरी बंद केले, तरी कॅमेरा एरर दाखवून थांबतो. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतील कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही, त्यामुळे मोटर नसलेली लेन्स त्यावर हाताने फोकस करावी लागते. निकॉनच्या मिररलेसवर एफटीझेड अडॅप्टर लावला तरी तीच गत. कॅननच्या आरएफ कॅमेऱ्यासाठी सिग्मा व टॅमरॉनला २०२४ मध्ये परवानगी मिळाली, पण ती छोट्या सेन्सरच्या लेन्सपुरती. तेव्हा तेथे ७०–२०० हवी तर जुनी ईएफची लेन्स अडॅप्टरवर लावणे, हाच स्वस्तातला मार्ग. सोनीवाल्यांनी अडॅप्टरच्या नादी न लागता टॅमरॉनची २०२० ची ७०–१८० शोधावी. ती जेमतेम ८१० ग्रॅमची आहे. सोनीच्या सर्वांत वेगवान कॅमेऱ्यांवर थर्ड पार्टी लेन्सला सेकंदाला १५ फोटोंची मर्यादा आहे, पण आपल्या कामाला पंधरा पुष्कळ झाले.

दुकानात जाताना आपला कॅमेरा आणि एक छोटी टॉर्च बरोबर न्यावी. लेन्सचे तोंड पूर्ण उघडे ठेवून मागच्या बाजूने तिरका प्रकाश टाकावा आणि समोरून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की ती बुरशी. कोकण आणि मुंबईच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या लेन्सचा हा ठरलेला रोग. बुरशी साफ करता येते, पण तिने खाल्लेला काचेवरचा लेप परत येत नाही. आतील दोन-चार धुळीचे कण पाहून मात्र कोणी घाबरू नये. समोरच्या काचेवरची बारीक रेघही चालते, मागच्या काचेवरची नाही. स्क्रूची डोकी घासलेली असतील तर लेन्स उघडली गेली आहे असे समजावे आणि कोणी, कशासाठी उघडली ते विचारावे. ट्रायपॉडची कडी जागेवर आहे का तेही पाहावे; दीड किलोचा भार नुसत्या कॅमेऱ्याच्या तोंडावर टांगणे बरे नव्हे. जुन्या सिग्माचा काळा खरबरीत रंग पापुद्र्यासारखा निघतो, त्याचे काही वाटून घेऊ नये. उलट भाव पाडायला तो उपयोगी पडतो.

त्यानंतर भिंतीवर वर्तमानपत्राचे पान ताणून लावावे आणि २०० वर, एफ २.८ वर समोरून फोटो घ्यावा. चार कोपऱ्यांपैकी एकच पुसट आला तर आतील काच सरकलेली आहे. असा सौदा सोडावा. मग दुकानाबाहेर येऊन एखाद्या पोराला आपल्याकडे धावत यायला सांगावे, फोकस सतत चालू ठेवून वीस-तीस फोटो काढावेत आणि जागच्या जागी मोठे करून मोजावेत. निम्मेसुद्धा धड आले नाहीत तर बाकीचे सगळे गुण फुकट. फोकस प्रत्येक वेळी सारखाच पुढे किंवा मागे पडत असेल तर ती दुरुस्त होण्याजोगी बाब आहे: काही कॅमेऱ्यांत तशी सोय असते, सिग्माच्या आर्ट, कंटेम्पररी व स्पोर्ट्स लेन्ससाठी यूएसबी डॉक मिळतो, टॅमरॉनच्या जी टू साठी टॅप-इन कन्सोल. मोटर किंचाळत असेल तर दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करावा. सुटा भाग मिळेलच असे धरून चालू नये.

आता थोडे विकणाऱ्यांविषयी. या धंद्यात आपले बरेच बंधू आहेत, म्हणून लिहिणे भाग आहे. ‘जसे आहे तसे’ म्हणून हात झटकण्याची रीत त्यांनी सोडावी. बुरशी साफ केलेली असेल तर तसे सांगून विकावे, बिलावर लेन्सचा सिरियल नंबर लिहावा आणि तीन-चार दिवसांत परत घेण्याची मुदत द्यावी. जुन्या मालाचा व्यापार करणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले नसेल, तर त्याला जीएसटी पूर्ण किमतीवर न भरता नफ्याच्या रकमेवर भरता येतो. ‘बिल दिले की महाग पडेल’ ही सबब त्यामुळे फारशी टिकत नाही. घेणाऱ्यानेही बिलासाठी अडून बसावे. चोरीची लेन्स घेतली आणि पोलीस दारात आले, तर हाती दुसरे काय असणार?