भूकंपास हद्द ठाऊक नसते

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी परिसरातील धरणी वारंवार थरथरू लागली आणि धुंदलवाडी भागातील रहिवाशांना ऐन थंडीत घराबाहेर रात्री काढाव्या लागल्या. १ फेब्रुवारी २०१९ रोजी बसलेल्या धक्क्यांच्या वेळी एका बालिकेचा जीव गेला. तलासरीस लागूनच दादरा-नगर हवेलीचा प्रदेश आहे. राज्यांच्या हद्दी कागदावर असतात, भूगर्भात नसतात. म्हणूनच हा प्रश्न जितका पालघरचा, तितकाच सिल्वासा, खानवेल आणि दादरा यांचाही आहे.

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने डहाणू भागात भूकंपमापक बसवून या मालिकेचा अभ्यास केला. पावसाचे पाणी भेगांत मुरून खडकांतील दाब वाढत असावा, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. अशा पाहणीतून पुढील भूकंपाची तिथी कळत नाही, हे खरे. परंतु गुरुत्वबल, चुंबकत्व आणि खडकांचा विद्युत्‌रोध मोजून दडलेल्या भेगांचा माग काढता येतो. कंपनलहरींच्या वेगावरून कातळ कोठे उथळ आहे आणि गाळाचा थर कोठे जाड आहे, हेही समजते. हा भेद जीवनमरणाचा असतो. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले, तेव्हा २०० किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेतील गाळाच्या भूमीवर बहुमजली इमारती कोसळल्या.

केवळ देशव्यापी नकाशावर विसंबून राहणे किती घातक असते, हे महाराष्ट्राने ३० सप्टेंबर १९९३ रोजी अनुभवले. किल्लारीचा परिसर तत्कालीन नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. तेथे दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे गाडली गेली.

दमणगंगेच्या खोऱ्यात कारवीच्या कुडांच्या हलक्या घरांशेजारी आज कारखाने, चाळी आणि उंच इमारती उभ्या आहेत. धरणे, बंदरे आणि लोहमार्ग बांधताना जमिनीची कसून परीक्षा केली जाते. कामगाराच्या चाळीखालची आणि पाड्यावरच्या शाळेखालची जमीन कोण तपासतो?

अशा पाहणीने घबराट पसरेल आणि उद्योग दूर जातील, असा आक्षेप घेतला जातो. आम्हास तो मान्य नाही. घबराट पसरते ती अज्ञानामुळे. जबलपूर, दिल्ली, गुवाहाटी येथे सूक्ष्म विभागणीचे नकाशे तयार झाले, म्हणून ती शहरे ओस पडली नाहीत.

महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित प्रदेशाचे प्रशासन यांनी या पट्ट्याची संयुक्त भूभौतिक पाहणी करावी आणि तिचे गाववार निष्कर्ष मराठीत व गुजरातीत ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवावेत, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. बांधकामाचा परवाना त्या निष्कर्षांशी बांधला जावा आणि जुन्या शाळा व रुग्णालये यांची तपासणी सर्वप्रथम व्हावी. भूकंप रोखणे मनुष्याच्या हाती नाही. परंतु भिंत कोठे आणि कशी उभारावी, हे निश्चितच त्याच्या हाती आहे. त्या कर्तव्यात कसूर झाली, तर दोष निसर्गाच्या माथी मारता येणार नाही.