पुन्हा एकदा अंगठेबहाद्दर

एकेकाळी सहीऐवजी अंगठा उमटवणे हे निरक्षरतेचे लक्षण मानले जाई आणि अशा माणसाला आपली भाषा थट्टेने ‘अंगठेबहाद्दर’ म्हणत असे. अंगठ्याची जागा सहीने घ्यावी, म्हणून साक्षरतेचा केवढा खटाटोप झाला! आज मराठीचे एम. ए. झालेले आम्ही रोज सकाळी महाविद्यालयाच्या दाराशी रांग लावून भिंतीवरच्या यंत्रावर अंगठा टेकवतो आणि यंत्राने ओळख पटवली की वर्गावर जातो. याला प्रगती म्हणतात.

जुन्या मस्टरचे आम्हाला प्रेम नाही. मागाहून सह्या करणारे आणि दुसऱ्याची सही ठोकणारे महाभाग आमच्याही व्यवसायात आहेत. हजेरी घ्यावी, जरूर घ्यावी. आमचा आक्षेप आहे तो विश्वासाच्या अजब वाटपाला. वीस वर्षे शिकवणाऱ्या माणसावर व्यवस्थापनाचा विश्वास नाही. पण ज्या खोक्याच्या आत काय चालते हे संस्थेत एकालाही सांगता येणार नाही, त्या खोक्यावर मात्र आंधळी श्रद्धा आहे.

ही श्रद्धा किती अनाठायी आहे, याचे पुरावे जगजाहीर आहेत. बोटाच्या ठशावर कार्यालयांची दारे उघडणाऱ्या ‘बायोस्टार २’ या प्रणालीचा साठा इंटरनेटवर उघडा पडल्याचे ऑगस्ट २०१९ मध्ये संशोधकांनी जाहीर केले. दहा लाखांहून अधिक लोकांचे ठसे त्यात होते, असे त्यांचे म्हणणे होते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलून आणायचा?

कॅमेऱ्यांची कथा निराळी नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रोग्रामने बंदिस्त केलेल्या असंख्य कॅमेऱ्यांकरवी व रेकॉर्डरांकरवी एका अमेरिकन कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारखी संकेतस्थळे अनेकांना काही तास मिळेनाशी झाली. शिरकावाची युक्ती साधी होती : कारखान्यातून येतानाचे साठेक ठरीव पासवर्ड एकामागून एक लावून पाहायचे. विकत घेतल्यावर ते बदलण्याची तसदी मालकांनी घेतलीच नव्हती. मार्च २०२१ मध्ये ‘वर्काडा’ या कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांची दृश्ये परक्यांच्या हाती गेली. त्यांत रुग्णालये होती, शाळा होत्या, तुरुंगही होते. चोरावर नजर ठेवायला बसवलेला डोळाच चोराला मिळाला. ‘कुंपणानेच शेत खाल्ले’ असे म्हणणाऱ्या आपल्या पूर्वजांना इंटरनेट ठाऊक नव्हते, कुंपण मात्र पुरते ठाऊक होते.

आणि ही नजर खालच्या पायरीवर अधिक तीव्र होते. आम्हाला दिवसातून दोनदा अंगठा द्यावा लागतो. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएस घड्याळे बांधली. चंदीगड, पंचकुला येथेही तेच झाले. घड्याळ आपल्याला प्रसाधनगृहातही पाहते की काय, ही भीती पंचकुल्याच्या कामगार स्त्रियांनी बोलून दाखवली. तिला अज्ञान म्हणून हसणाऱ्यांनी वरची उदाहरणे पुन्हा वाचावीत.

‘लपवण्यासारखे नसेल तर भिता कशाला?’ हा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. तो विचारणाऱ्यांच्या दालनात कॅमेरा नसतो, हे आम्ही पाहिले आहे. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली एकमुखाने सांगितले. पुढे २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला खरा; परंतु नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती त्याच्या संमतीवाचून वापरण्याची मुभा त्याच कायद्यात मालकाला ठेवली आहे. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने काढून घेतले.

तेव्हा आमचे मागणे माफक आहे. आमचे ठसे कुठे साठवले जातात? ते कोण पाहू शकतो? कारखान्यातला पासवर्ड बदलला का? निवृत्तीनंतर ठसे पुसले जाणार का? या चार प्रश्नांची लेखी उत्तरे संस्थेने द्यावीत आणि खाली सही करावी. उत्तरे नसतील, तर यंत्र उतरवावे आणि मस्टर परत आणावे. मस्टर चोरीला गेले तर कागद जाईल, आमची बोटे जाणार नाहीत.