खांबापासून खांबापर्यंत

आज पिकापाण्याचे नाही, पायांचे बोलायचे आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा पुतण्या पोलीस भरतीच्या मैदानावरून परत आला तो मान खाली घालूनच. १६०० मीटर धावायचे होते. वर्षभर पोरगा पहाटे उठून धावला आणि ऐन वेळी थोड्या गुणांनी मागे पडला. बूट माळ्यावर फेकले. "काकू, पुन्हा पळायचं नाव काढू नका," एवढेच म्हणाला. जाऊबाईंच्या डोळ्याला पाणी. घरात कोणी कोणाशी धड बोलेना.

त्याच महिन्यात मला साखर निघाली. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितले, रोज चाला, अंगाला मानवले तर हळूहळू धावा. मी म्हटले, "डॉक्टर, दिवसभर शेतात वाकून असते, ते काय कमी आहे?" ते म्हणाले, "कष्ट खरेच. पण ते थांबत थांबत होतात. हृदयाला सलग अर्धा तास काम मिळायला हवं." मनात म्हटले, खरे आहे. कंबर मोडते, पण दम कुठे वाढतो? आणि हल्ली मळ्यावर जायलाही आपण मोटारसायकलवर बसतोच की!

पण वयाच्या ५२ व्या वर्षी बाईमाणसाने रस्त्यावर धावायचे म्हणजे गाव हसणार. आमचे मालक म्हणाले, "पोराला संगं घेऊन जा." काकूला सोबत म्हणून तो नाइलाजाने आला.

पहिल्या दिवशी मळ्याच्या रस्त्याला विजेचे खांब मोजले. एक खांब धावायचे, दोन खांब चालायचे. चौथ्या खांबाशीच माझा भाता झाला. पोरगा आपला पुढे पळे, थांबे, पुन्हा पळे. मी म्हटले, "अरे, माझ्या पावलानं चल. बोलता येईल एवढंच पळायचं." गंमत अशी, की त्याला हळू धावताच येईना! वर्षभर रोज घड्याळ हातात धरून, जीव तोडून तो धावला होता. म्हणजे रोजच परीक्षा आणि रोजच नापास. मग गोडी लागावी कशी?

आता आपल्यालाच विचारा. शर्यतीचा बैल कोणी रोज शर्यतीसारखा पळवतो का? त्याला चालवतात, पोहायला नेतात, खाऊ-पिऊ घालतात, विसावा देतात. माणसाचेही तेच. सावकाश धावण्याने हृदय बळकट होते, दर ठोक्याला जास्त रक्त पुढे ढकलते. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडे आणि शिरा तयार व्हायला महिने लागतात. घाई केली की नडगी आणि गुडघा कुरकुर करणारच.

महिन्याभरात माझे एकाचे तीन खांब झाले. कोणाची तूर फुलोऱ्याला आली, कोणाच्या विहिरीचे पाणी खाली गेले, असे बोलत धावायचे. पहिले आठ दिवस लोक हसले, मग विसरले. एके दिवशी पोरगा म्हणाला, "काकू, आज पहिल्यांदाच पळताना पोटात गोळा आला नाही."

पुढे तालुक्याच्या गावी २६ जानेवारीला धावण्याची स्पर्धा असल्याचे कळले. मी पाच किलोमीटरला नाव घातले. तो कचरला. पुन्हा गर्दी, पुन्हा शिट्टी, पुन्हा हार. मी म्हटले, "लग्नाची तारीख ठरल्याशिवाय कोणी घर रंगवतं का? स्पर्धा म्हणजे तारीख. तयारीला निमित्त." त्याने दहाला नाव घातले.

शिट्टी झाली आणि सगळे उधळले. तो मात्र बोलता येईल एवढ्याच चालीने निघाला आणि दमलेल्यांना एकेक करून मागे टाकत गेला. सतरावा आला. बक्षीस नाही, पण पोरगा हसत होता. "शेवटचा किलोमीटर सगळ्यांत जोरात पळालो," म्हणाला. माझ्यामागे दोनच बायका होत्या आणि त्यांच्यामागे रुग्णवाहिका. तरी कमानीशी मालकांनी टाळ्या वाजवल्या.

आपल्या मातीला धावणे नवे नाही. मांडव्याचा अविनाश साबळे, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा. स्पर्धेचे धावणे तो लष्करात गेल्यावर शिकला आणि २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्याने रौप्यपदक मिळवले. दुष्काळी माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये त्याच शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, दहावी आली. पण पदक मिळवणारेच धावतात असे थोडेच आहे? आषाढी वारीत वेळापूरजवळ उतारावर वारकरी 'धावा' करतात. म्हातारीकोतारी पदर खोचून धावतात. पहिला कोण आला, असे तिथे कोणी विचारत नाही.

आपल्यालाही सुरुवात करायची असेल तर थोडे ध्यानात ठेवा. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत, मधे विसावा हवा. उन्हाच्या आत उरका. डांबरापेक्षा मातीचा सपाट रस्ता बरा. बूट पायात नीट बसणारे असावेत. स्पर्धेच्या दिवशी नवे बूट आणि नवे खाणे नको. सांधा दुखला तर थांबा. छातीत कळ आली किंवा चक्कर आली तर लगेच डॉक्टर गाठा. ज्यांना साखर, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आधीच विचारून घ्यावे. साखरेवर गोळ्या किंवा इंजेक्शन चालू असेल तर खिशात गुळाचा खडा ठेवावा, आणि घरी आल्यावर तळपाय रोज पाहावेत, जखम कळून येत नाही. आणि बायांनो, एकटीने जाऊ नका. जाऊ, नणंद, सून, कोणी तरी संगतीला घ्या. सोबत असली की पहाटे अंथरूण सुटते.

पुढच्या भरतीत पोराचे मैदान चांगले झाले. लेखीत मात्र अडला. निकाल कळला त्या रात्री तो जेवला नाही. मला धाकधूक, बूट पुन्हा माळ्यावर जाणार.

पहाटे पाचला खिडकीशी हाक आली, "काकू, उठलात का?"